वाघरीला ओव्याचा वास

बोरी बुद्रुक
८ डिसेंबर २०२४

...तर मामा, एसटी आली म्हणून माझं बोलणं अर्धंच राहिलं, ते इथून पुढं. बिबट्याला घाबरवायचं नाही. त्याच्या नाकाला वैताग द्यायचा. एवढीच माझी आयडिया आहे.

फोनवर सांगितलं असतं, पण तुमचा फोन चार्जिंगला कुणाच्या तरी घरी असतो, आणि लागलाच तर तुम्ही "हां हां, बरं बरं" म्हणून ठेवून देता. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. पप्पूदादाचा दुधाचा टेम्पो पारगावला येतो, तो तेलाचा कॅन आणि चिठ्ठी दोन्ही पोचवेल. माझं मराठी लिहिणं इंग्लिश मीडियमचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं तर मामीला वाचून दाखवा आणि दोघं हसून घ्या.

आमच्या शेडमध्ये मी भट्टी लावलीय ते तुम्हाला माहितीय. खाली पाणी, वर जाळीवर ओवा. वाफ नळीतून थंड केली की पाण्यावर तेल तरंगतं. ते गार ठेवलं की त्यातून खडीसाखरेसारखे खडे बाहेर पडतात, ते ओवाफूल. औषधवाले ते नेतात. खडे काढल्यावर जे पातळ तेल उरतं ते कुणालाच नको असतं, आणि मला खरं तर तेच जास्त आवडतं. त्यात मुख्य असतं पॅरा-सायमीन. पाण्यासारखं दिसतं पण पाण्यात मिसळत नाही. ओव्यात असतं, जिऱ्यात असतं, निलगिरीत असतं. झाडं ते स्वतःसाठी बनवतात, किड्यांनी लांब राहावं म्हणून. माणसं ते साबणाच्या वासात घालतात, रंग पातळ करायला घेतात, कारखान्यात त्यापासून दुसरी केमिकल बनवतात. मग मी म्हटलं, जे किड्याला लांब ठेवतं ते बिबट्याला का नाही? मांजरांना असले उग्र वास सोसत नाहीत असं मी वाचलंय. बिबट्या म्हणजे मोठं मांजरच.

आणे घाटातून खाली उतरताना तुमची कोकरं गेली तेव्हापासून हे माझ्या डोक्यात आहे. रात्री मेंढरांभोवती वाघर लावता ना, त्या जाळीच्या चार कोपऱ्यांच्या खुंट्यांना एकेक चिंधी बांधा, तेलात बुडवून. बस्स. शेकोटीजवळ न्यायचं नाही, हे तेल भडकतं. मेंढरांच्या अंगाला लावायचं नाही. चारच चिंध्या, मामा. जास्त नाही.

काय होतंय ते लिहून कळवा.

तुमची
राजनंदिनी

पारगाव, बाळासाहेबाचं रान
१५ डिसेंबर

चि. नंदे,

कॅन पावला. पप्पूनं उतरवताना नाक धरलं व्हतं. म्हणला, मामा, माझ्या टेम्पोत कोण बाळंत झालंय का? तुझी मामी म्हणली, आता आमची मेंढरं बाळंतपणाला बसणार, शेगडी आणि ओव्याची धुरी तेवढी बाकी हाय. लंकाबाईच्या तोंडाला कोण लागंल.

आमी बाळासाहेबाच्या रानात मेंढरं बसवल्यात. खत पायजे म्हणून त्यानंच बोलवलंय. रान मोकळं हाय पण दोन्ही अंगाला ऊस, आणि कारखाना चालू झाल्यापून तोड सुरू हाय. ऊस तुटला की त्यातला वाघ कुठंतरी सरकणारच. तुमी शाळेत त्याला बिबट्या म्हणता, आमी वाघच म्हणतो, त्याला काय फरक पडत न्हाई.

तू सांगितलं तशा चिंध्या बांधल्या. पहिल्या राती कुत्र्यांनी लई नाटकं केली. बुरक्या शिंकून शिंकून बेजार, डांग्या भुईला नाक घासत व्हता, सोनी तर आमी निजतो त्या पालाच्या मागं जाऊन बसली. मेंढरंबी तोंड फिरवून हुबी. मग समदी गप झाली.

आणि खरं सांगू का, तवापून वाघ आलेला न्हाई. आधी रोज राती कुत्री केकाटायची, मी बॅटरी घिऊन चार येळा उठायचो. आता भुंकणंच बंद. लंका म्हणती, लगीन झाल्यापून एवढी झोप पयल्यांदाच लागली.

अजून तेल आसंल तर पाठव. मोठा कॅन पाठव. तुझ्या बापाला सांग, पोरीच्या शिक्षणाचा उपेग झाला.

तुझा मामा
चिमाजी

बोरी बुद्रुक
२४ डिसेंबर

मामा,

तुमची चिठ्ठी मी सगळ्यांना वाचून दाखवली. बाबांनी संध्याकाळी स्वतःहून भट्टीचं लाकूड फोडून दिलं. आमच्याकडं याला कौतुक म्हणतात.

मोठा कॅन पाठवलाय. झाकण नीट बसत नाही, पप्पूदादाला उभाच ठेवायला सांगितलंय. आता मला वाटतंय की हे फक्त तुमच्यापुरतं ठेवायला नको. आळेफाट्याला एक जण बाटल्या आणि लेबलं करून देतो. नाव काय ठेवायचं ते सुचवा. आई म्हणते "शांत झोप" ठेव.

एक काम करा. कुत्री किती वेळा भुंकली, कुठल्या बाजूला तोंड करून भुंकली, हे बघत जा. नुसतं "आला नाही" म्हणून चालत नाही, सायन्समध्ये दाखवावं लागतं.

आज घरी एक गंमत झाली. आई दूध गॅसवर ठेवून मागं गेली आणि मी ओट्याशेजारी बसून तुम्हाला हेच लिहीत होते. दूध उतू गेलं, करपलं, पातेलं काळं झालं. आई परसातून धावत आली. म्हणाली, "तुझ्या नाकासमोर जळतंय, तुला वास नाही आला?" मला खरंच नाही आला. दिवसभर भट्टीपाशी असते ना. आई म्हणते, तुझ्या अंगाला, केसाला, उशीला, सगळ्याला ओवा येतो. मला मात्र तोही येत नाही आता.

मामीला सांगा, पुढच्या वेळी तिच्यासाठी ओव्याचा साबण पाठवते.

राजनंदिनी

पारगाव
५ जानेवारी २०२५

चि. नंदे,

तू भुंकण्याचा हिशोब मागितला. हिशोब असा की भुंकलीच न्हाईत. एकदाबी न्हाई. गाढ झोपत्यात राव, पावण्यावानी. बुरक्याला सकाळी लाथेनं उठवावं लागतं.

तू रागावशील, पण सांगतो. चार चिंध्यांनी एवढं व्हतंय तर अख्ख्या वाघरीनं किती व्हईल, म्हणून मी नव्या कॅनातलं तेल समद्या वाघरीला चोळलं. जाळीचा एक दोरा कोरडा ठेवला न्हाई. शेकोटी लांब केली, ती काळजी घेतली. आता वाघर गुंडाळून घोड्यावर टाकली तरी घोडं फुरफुरतं.

दोन-तीन गोष्टी बारीक हायेत. सकाळी बघतो तर मेंढरं वाघरीच्या एकाच कोपऱ्यात गोळा झालेली, एकमेकीत डोकी खुपसून. थंडी लई पडलीय, त्यानं आसंल. एक मेंढी व्याली. तिचं कोकरू राती वाघरीला घासून निजलं, तर सकाळी ती त्याला जवळच घीना. हुंगती आन् ढुशी मारती. लंकानं मीठ चोळून चाटवलं तरी न्हाई. आता लंका त्याला बाटलीनं दूध पाजती आणि कुशीत घिऊन वाघरीच्या भायेर, पालाम्होरं निजती. आधी तिला भायेर निजू दिलं नसतं, पण आता भ्या कशाचं.

सोनी चार-पाच दिस दिसली न्हाई. कारखान्याच्या कुत्र्यांमागं गेली आसंल, तिचं वयच हाय.

शेजारी ऊसतोडीच्या टोळीच्या पाचटाच्या कोप्या हायेत. त्यातली ठमाबाई म्हणून बाई हाय, दोन बारकी लेकरं. तोडीला जाताना पोरांना फडाच्या कडंला निजवती. तिनं इचारलं, भाऊ, तुमच्याकडं वाघ का येत न्हाई? मग तिला तेल दिलं. तिनं कोपीच्या दाराला लावलं आणि लेकरांच्या वाकळंलाबी चोळलं. लई दुवा दिला तुला. म्हणली, भाचीला सांगा, माझी लेकरं तिच्या जिवावर झोपत्यात.

मामा

बोरी बुद्रुक
८ जानेवारी

मामा, हे मिळाल्या मिळाल्या वाघर काढा. पुढचं नंतर वाचा. आधी वाघर काढून लांब टाका आणि मामीला आत घ्या.

तुमचा फोन बंद आहे, सकाळपासून लावतेय. बाळासाहेबांचा नंबर आमच्याकडं कुणाकडंच नाही. बाबा गाडी घेऊन ओतूरला गेलेत, रात्री येतील. उद्या उजाडल्यावर आम्ही दोघं निघतो. पण पप्पूदादा आत्ता निघालाय, म्हणून त्याच्या हातात हे देतेय. आज रात्रीच्या आत तुम्हाला मिळायला पाहिजे.

तुमची चिठ्ठी मी काल वाचली तेव्हा खूश झाले होते. खरंच. मग त्या मेंढीचं परत वाचलं. ती कोकराला का घेत नाही? ती त्याला बघून ओळखत नाही, वासानं ओळखते. कोकराला आपल्या तेलाचा वास लागला, त्याखाली त्याचा स्वतःचा वास बुडाला. तिच्यासाठी ते दुसऱ्याच कुणाचं तरी झालं.

मग मला आमचं करपलेलं दूध आठवलं.

मामा, कुत्री गाढ झोपत नाहीत. त्यांना काही कळतच नाहीये. अंधारात ती डोळ्यांनी राखण करतात का? नाकानं करतात. आणि मी त्यांच्या नाकाला अख्खी वाघर बांधली. पहिल्या रात्री ती नाटक करत नव्हती. तुम्ही भुंकणं बंद झालं असं लिहिलं आणि मी त्याचा अर्थ "बिबट्या बंद झाला" असा लावला. तुम्हीही तोच लावला. मेंढरं कोपऱ्यात गोळा होतात ती थंडीनं नाही. ती त्याला बघतात. त्यांना भुंकता येत नाही, एवढंच.

सोनीला शोधू नका. म्हणजे एकटे उसाकडं जाऊ नका.

ठमाबाईंना पण सांगा. वाकळ आजच्या आज धुवायला सांगा.

मी येतेय.

नंदा

घोडेगावच्या वाटंला
१९ जानेवारी

चि. नंदे,

तू त्या दिवशी रडत गेलीस, घरी जाऊन जेवली न्हाईस असं पप्पू म्हणला. जेवत जा. चिठ्ठी लिहिली कारण लंकानं लिव म्हणून सांगितलं.

पप्पूचा दोष न्हाई. त्या सांजंला टेम्पोचं चाक पंक्चर झालं, तो सकाळी आला, तवर झालेलं व्हतं. तू आलीस तवा लोकांनी पायानं तुडवलं व्हतं, म्हणून तुला समदं दिसलं न्हाई. मला पहाटं दिसलं ते आता सांगतो. तिथं तुझ्या बापाम्होरं बोलवलं न्हाई.

वाघरीच्या भोवतीनं पावलं व्हती. समदी एकाच वाघाची, मागल्या पायाचं एक बोट वाकडं, पर एका रातीची न्हाईत. जुनी, त्यावर नवी, त्यावर अजून नवी. बैल घाण्याला फिरतो तशी वाट पडलेली. एका जागी तो बसायचा, तिथं गवत दबून मऊ झालेलं. तिथून पाल दिसतो, आणि आमी निजतो ती जागा. आमी निवांत झोपत व्हतो आणि तो रोज येऊन बसत व्हता, नंदे.

बुरक्या साखळीला व्हता. साखळी तशीच, गळपट्टा तसाच, बुरक्या तेवढा न्हाई. आवाज न्हाई, काय न्हाई.

आणि लंकाच्या कुशीतनं कोकरू नेलं. तिच्या अंगावरची गोधडी कुणीतरी वढली असं तिला झोपंत वाटलं. तिला वाटलं, मेंढी आली, लेकराला घ्यायला आली एकदाची. म्हणून तिनं हात बाजूला केला. जागा करून दिली. तोंडावर उनउन वाफ आली म्हणती, पर वास न्हाई आला, वास ओव्याचाच आला. एवढंच बोलली. तवापून ती हात धूत बसती.

आमी तिथनं हाललो. घोडेगावच्या वाटंला एका वळखीच्या माणसाच्या रानात बसलोय. वाघर सोड्यात, राखंत, नदीत, कशाकशात धुतली. लंका म्हणती वास गेला. मी म्हणतो गेला. डांग्या अजून तिच्याजवळ जात न्हाई.

आता जे सांगतो ते तुझ्या सायन्सला इचारून मला सांग. चिंध्या मी हालायच्या आधीच मेंढरांपून लांब, वढ्याच्या पलीकडं पुरल्या व्हत्या. हातभर खड्डा करून, वर दगड. परवा सकाळी तिकडं गेलो तर दगड बाजूला, माती उकरलेली, आणि चिंध्या भायेर वढून चावून टाकलेल्या. तिथं मेंढरू न्हाई, कोकरू न्हाई, खरकटं न्हाई. नुसत्या चिंध्या. आणि पावलं तीच, मागल्या पायाचं एक बोट वाकडं.

तो मेंढरांसाठी आला नव्हता. मग कशासाठी आला?

ठमाबाईची टोळी उठली. तू आलीस त्याच्या आदल्या दिवशीच त्यांचा फड संपला. मुकादमानं कुठं नेली ठावं न्हाई. ट्रॅक्टर जुन्नरकडं गेला म्हणत्यात. मी कारखान्यावर जाऊन इचारलं. तिथला माणूस म्हणला, बाबा, टोळ्या काय एक हाय का.

मामा

बोरी बुद्रुक
२३ जानेवारी

मामा,

तुमचा प्रश्न मी कुणाला विचारू? मीच उत्तर देते, कारण मला ते माहीत आहे, आणि तुम्हालाही माहीत आहे. आपण महिनाभर त्याला शिकवलं. रोज रात्री हा वास, आणि वासाच्या आत मेंढरं. हा वास, आणि कुणी भुंकत नाही. हा वास, आणि कोकरू. आधी त्याला वैताग आला असेल, पहिल्या एकदोन रात्री. नंतर त्याच्यासाठी तो वास म्हणजे घंटा झाला. आम्ही शाळेत मधल्या सुट्टीची घंटा ऐकून डबा उघडायचो, तसं.

मी भट्टी बंद केलीय. उरलेलं तेल पत्र्याच्या डब्यात, डबा पिंपात, पिंप शेडमध्ये, शेडला कुलूप. ओतून द्यायची भीती वाटते, जाळायची पण. भट्टीत उरलेला ओव्याचा चोथा बाबांनी ट्रॉलीत भरून खाणीत टाकला. वन खात्याच्या माणसांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पिंजरा लावतो म्हणाले, पण कुठं लावायचा हे मला विचारलं. मी काय सांगणार?

आता खरी गोष्ट. म्हणूनच लिहितेय, आणि म्हणूनच पप्पूदादाला सांगितलंय की टेम्पो बंद पडला तर चालत जाऊन दे.

ठमाबाई सापडल्या. मी शोधल्या नाहीत. त्याच आल्या. परवा आमच्या मागच्या शिवारात तोड सुरू झाली, तिथं नवी टोळी उतरली. पाण्याला म्हणून एक बाई आमच्या दारात आली, कडेवर एक, हाताला एक. आई म्हणाली, "कुठून आलात?" ती म्हणाली, "पारगावकडनं. तिथं एक धनगरमामा व्हते, लई चांगलं माणूस." मी स्वयंपाकघरातून तशीच बाहेर आले.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "ताई, इतके दिस तर काय झालं न्हाई. आणि वाकळ मी धुतली की. आता कुठं वास येतोय?" मग मला कोपीत घेऊन गेल्या. वाकळ माझ्या हातात दिली. मी ती तोंडाला लावली, दोन्ही हातांनी दाबून धरली, डोळे मिटले, जेवढा श्वास घेता येतो तेवढा घेतला.

मला काहीच आलं नाही, मामा. धुतलेल्या कापडाचा नाही, लेकरांचा नाही, धुराचा नाही. माझं नाक अजून परत आलेलं नाही. ठमाबाई त्याच वाकळेत रोज झोपतात, त्यांना येणारच नाही. बाकीच्या कोप्यांतल्या बायांना विचारलं, त्या म्हणाल्या येत नाही. पण त्यांनीही पारगावला ठमाबाईंकडून मागून तेल लावलं होतं, तेव्हा त्यांचं काय धरायचं? आईला हाताला धरून नेलं. आईनं हुंगलं. परत परत हुंगलं. मग म्हणाली, "मला कळत नाही गं. तू शेजारी उभी आहेस, मला तुझाच येतोय."

मी म्हटलं वाकळ जाळू, मी नवीन ब्लँकेट देते. त्यांनी ते घेतलं, वाकळ पण ठेवली. म्हणाल्या, सासूच्या हातची आहे. लेकरांना रात्री आमच्या घरात झोपवा म्हटलं तर मुकादम नाही म्हणतो, पहाटे फडावर वेळेवर कोण आणणार.

आज सकाळी बाबा खाणीकडून आले. चपला दारात न काढता थेट आत आले. चोथा सगळा उपसलेला आहे म्हणाले. मी विचारलं, "पावलं?" ते म्हणाले, "हो." मी विचारलं, "मागच्या पायाचं बोट?" त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताचं एक बोट वाकवून दाखवलं.

मामा, तुम्ही आयुष्यभर रानात झोपलात. सायन्सचं मला विचारू नका आता, मीच तुम्हाला विचारते. खाणीपासून कोप्यांपर्यंत मध्ये फक्त आमचा ऊस आहे, आणि तो उद्या तुटणार आहे. माझं नाक गेलंय. ठमाबाईंचं गेलंय. आई मला सोडून दुसरं काही हुंगू शकत नाही. त्या वाकळेला अजून वास आहे की नाही, हे या सगळ्या शिवारात बहुतेक एकालाच सांगता येईल.

त्याला येत असेल का? तुम्हाला काय वाटतं?

नंदा